वाचक विचारतात : विंडसरचा छपराचा पूल

पानगळीचे रंग बघायला व्हरमाँटकडे निघणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली आणि त्यांतली निम्म्याहून जास्त एकाच पुलाबद्दल होती. कनेक्टिकट नदीच्या पश्चिम काठावर व्हरमाँटमधलं विंडसर हे छोटं गाव आहे, समोर न्यू हॅम्पशरमधलं कॉर्निश. या दोघांना जोडणारा १८६६ सालचा लाकडी, छपराचा पूल (तिकडे त्याला कव्हर्ड ब्रिज म्हणतात) अजूनही रोजच्या वाहतुकीला खुला आहे. सारखेच प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आई-बाबा पुण्याहून आले आहेत. ऑक्टोबरमधला एक शनिवार-रविवार हाताशी आहे. एक पूल बघायला एवढ्या लांब जावं का? जायचं तर कसं?
— एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : नुसता गाडीतून पलीकडे जाणार असाल तर जाऊ नका, मिनिटभरात पूल संपतो. उतरून, दोन्ही काठांवरून आणि पुलाच्या तोंडाशी उभं राहून बघणार असाल तर दीड तास सहज जातो.

एडिसनहून विंडसर साधारण २५० मैल आहे. न्यू हेवन, हार्टफर्ड, स्प्रिंगफील्ड करत आय-९१ महामार्गाने सरळ उत्तरेला जायचं. रस्ता मोकळा असला तर साडेचार तास, पण शुक्रवारी संध्याकाळी निघालात तर कनेक्टिकटमध्येच तास-दीड तास जास्त लागेल. बॉस्टनहून आय-९३, मग आय-८९ आणि शेवटी थोडं दक्षिणेला आय-९१, असं सव्वादोन-अडीच तासांचं अंतर आहे. दक्षिणेकडून येताना ॲस्कटनीचा फाटा (एक्झिट ८) घ्या आणि रूट ५ने विंडसरच्या मुख्य रस्त्यावर या. तिथून ब्रिज स्ट्रीट उजवीकडे नदीवर उतरतो. पूल ओलांडला की समोर न्यू हॅम्पशरचा १२ए रस्ता आडवा येतो. त्याच बाजूला पुलालगत गाड्या थांबवायला छोटी जागा आणि माहितीचा फलक आहे. पुलाच्या तोंडाशी गाडी लावू नका. वळणारी वाहनं दिसत नाहीत आणि मागे लगेच रांग लागते.

ट्रेनचा मोह होईल. अ‍ॅमट्रॅकची ‘व्हरमाँटर’ न्यूयॉर्कहून रोज एकदा सुटते, विंडसरला थांबते आणि स्टेशनवरून पूल पायी जाण्याइतका जवळ आहे. अडचण वेळेची आहे. गाडी संध्याकाळी पोहोचते आणि ऑक्टोबरात तोवर उजेड संपत आलेला असतो. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारच्या आसपास मिळते. म्हणजे मुक्काम आला आणि पुलासाठी दुसरी सकाळ तेवढी उरली. आई-बाबांना आगगाडी आवडत असेल तर ही सहल छान आहे, पण इतर काही पाहायचं तर मोटार हवीच.

या भागात रंग साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात भरात असतात. त्या शनिवार-रविवारी मुक्कामाची जागा आयत्या वेळी मिळत नाही, म्हणून उन्हाळ्यातच ठरवा. नोव्हेंबरमध्ये झाडं बोडकी असतात, गर्दी नसते आणि पानांआड लपलेला पूल काठावरून पूर्ण दिसतो. लाकूडकामात रस असेल तर आमचं मत नोव्हेंबरच्या बाजूने. मार्चअखेर ते एप्रिल हा तिकडचा चिखलाचा हंगाम, तो टाळावा.

आणखी एक. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा. कायद्याने कागदपत्रं सोबत असणं अपेक्षित आहेच आणि कॅनडाच्या सरहद्दीकडच्या या पट्ट्यात विचारणा होऊ शकते.

प्रश्न : पुलाला छप्पर कशाला? रस्त्यावर बर्फ साचू नये म्हणून, असं आमचा नातू म्हणतो.
— नाशिक (सध्या नॅशुआ)

उत्तर : नातवाला सांगा, गोष्ट नेमकी उलटी आहे. हिवाळ्यात त्या काळी लोक घसरगाडीने जात. कोरड्या फळ्यांवरून ती ओढली जात नसे, म्हणून पुलाच्या आत बर्फ मुद्दाम आणून पसरावा लागे. ते काम करायला माणसं ठेवलेली असत.

छप्पर आहे ते पुलासाठी, माणसांसाठी नव्हे. पुलाचं सगळं वजन दोन्ही बाजूंच्या उभ्या लाकडी कैच्यांवर (तिरपी लाकडं जोडून केलेल्या चौकटींवर, इंग्रजीत ट्रस) असतं. ऊन-पावसात उघडी पडलेली कैची दहा-पंधरा वर्षांत सांध्यांतून कुजायला लागते. पाणी फळीच्या पृष्ठभागावरून वाहून जातं, पण जिथे दोन लाकडं एकमेकांवर बसतात तिथे अडकतं आणि वाळत नाही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. वर छप्पर आणि बाजूंना फळ्या एवढ्या दोन गोष्टींनी ते साधतं. छपराच्या फळ्या दर काही वर्षांनी बदलता येतात, कैची बदलायची म्हणजे पूल नव्याने बांधायचा.

अमेरिकेत ही रीत फिलाडेल्फियाच्या शूलकिल नदीवरच्या पुलापासून पडली. तो टिमोथी पामरने बांधला आणि १८०५मध्ये खुला झाला. मूळ आराखड्यात छप्पर नव्हतं. पूल बांधणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष न्यायाधीश रिचर्ड पीटर्स यांनी आग्रह धरला म्हणून ते आलं.

प्रश्न : मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालो. मुलाकडे बॉस्टनला आलो आहे. पुलात शिरल्यावर नेमकं काय बघावं? मोजमापं आणि बांधणीची पद्धत सविस्तर सांगाल का?
— सातारा

उत्तर : तुमच्यासारख्यांनी जाताना खिशात चांगला टॉर्च ठेवावा. मोबाइलचा दिवा आढ्यापर्यंत पोहोचत नाही.

आधी आकडे. पुलाची लांबी ४४९ फूट ५ इंच, म्हणजे १३७ मीटर. काठावरच्या फलकावर ४६० फूट लिहिलं आहे, त्यामुळे गोंधळू नका. नदीच्या मध्यभागी एकच दगडी खांब आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे गाळे (दोन आधारांमधली मोकळी अंतरं) २०४ आणि २०३ फुटांचे. लाकडाने ६२ मीटरचा गाळा पेलणं ही साधी बाब नाही. बांधणारे दोघे : क्लेअरमाँटचे बेला फ्लेचर आणि कॉर्निशचेच जेम्स टास्कर. खर्च ९,००० डॉलर. त्या जागेवरचा हा चौथा पूल आहे. पहिला १७९६चा, आणि आधीचे तिन्ही नदीने नेले.

आता बाजूची कैची बघा. एका दिशेने तिरप्या लाकडांची ओळ आणि तिच्यावरून उलट्या दिशेने तिरपी दुसरी ओळ, अशी दाट जाळी दिसेल. ही इथिएल टाउन या वास्तुविशारदाची रचना. त्याने १८२० आणि १८३५मध्ये तिची पेटंटं घेतली. तो स्वतः पूल बांधत बसला नाही. त्याची माणसं गावोगाव फिरून रचना विकत आणि पुलाच्या लांबीवर फुटाला एक डॉलर घेत. न विचारता बांधलेला सापडला तर दोन डॉलर. रचना इतकी खपली त्याला कारण होतं. आधीच्या पद्धतींत जाडजूड ओंडके आणि अवघड सांधे लागत, ते जमणारे सुतार थोडे. टाउनच्या जाळीला गावातल्या करवतीच्या गिरणीत निघणाऱ्या एकाच मापाच्या फळ्या पुरत. साधारण तीन इंच जाड आणि दहा-बारा इंच रुंद. फळ्या एकमेकींवर आडव्या ठेवायच्या, छेदाच्या जागी भोकं पाडायची आणि ओकच्या दीड-दोन इंच जाडीच्या खुंट्या ठोकायच्या. खुंटी पूर्ण वाळलेली हवी. ओली ठोकली तर ती नंतर आकसते, सांधा खेळायला लागतो आणि पूल मधोमध बसतो.

विंडसरच्या पुलात मात्र फ्लेचर-टास्करनी पातळ फळ्या वापरल्या नाहीत. दोनशे फुटांच्या गाळ्याला त्या पुरल्या नसत्या. इथे जाड चौकोनी लाकडं आहेत आणि छेदाच्या जागी दोन्हींत खाचा पाडून ती एकमेकांत बसवली आहेत. टॉर्च तिरपा धरून छेदाकडे बघा, खाचेची कड सावलीत स्पष्ट दिसते. असे छेद शेकड्यांनी आहेत आणि प्रत्येक खाच मापात बसायला हवी. म्हणून विंडसर गावाच्या वायव्येच्या कुरणात जाळी आधी जमिनीवर जुळवली आणि मग नदीवर नेली.

त्यानंतर नजर वरच्या आणि खालच्या लांब तुळयांवर न्या. पुलावर भार आला की वरची तुळई दाबली जाते आणि खालची ताणली जाते, हे तुम्हाला सांगायला नको. दाब लाकूड आनंदाने सोसतं. ताणाची गोष्ट वेगळी, कारण दोनशे फूट लांब लाकूड मिळत नाही, तुकडे जोडावे लागतात आणि जोड ताणात उघडतो. त्यावर उपाय म्हणजे तुळई अनेक पदरी करायची आणि पदरांचे जोड कधीच एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत. खालच्या तुळईवर जोड शोधा, शेजारच्या पदराचा जोड बराच पुढे सापडेल. छपराच्या पुलांची दुखणी बहुधा इथूनच सुरू होतात.

इथेही तसंच झालं. १९७७मध्ये पूर आणि बर्फाच्या मोठ्या तुकड्यांचा मार बसला, पूल खाली बसत चालला होता आणि १९८७मध्ये तो वाहतुकीला बंद करावा लागला. दोन वर्षं काम चाललं. लाकडाचे पातळ थर डिंकाने एकत्र दाबून बनवलेल्या लांब तुळया त्यात बसवल्या गेल्या आणि १९८९मध्ये पूल पुन्हा सुरू झाला. सरळ रेषेच्या, भेगा नसलेल्या, बारीक थरांच्या तुळया दिसल्या तर त्या या दुरुस्तीतल्या. जुन्या जाळीचं लाकूड काळपट आणि चिरलेलं आहे. लांबीच्या दिशेने गेलेल्या चिरा पाहून घाबरू नका, वाळताना त्या पडतातच. आडवी गेलेली चीर मात्र काळजीची.

शेवटी काठावर जाऊन पुलाची खालची कड एका टोकाकडून डोळा लावून बघा. चांगल्या स्थितीतला लाकडी पूल मध्यावर किंचित वर उचललेला असतो. बांधतानाच तो बाक ठेवतात, कारण पुढे वर्षानुवर्षं सांधे दबत जाऊन पूल खाली येणारच असतो. ती रेषा सपाट झाली की इशारा समजायचा आणि खाली झुकली की वाहतूक बंद करायची.

तुम्हाला आवडेल अशी एक नोंद : अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सने १९७० साली हा पूल स्थापत्य अभियांत्रिकीचा ऐतिहासिक ठेवा म्हणून नोंदवला.

प्रश्न : जगातला सर्वांत लांब छपराचा पूल हाच ना?
— डोंबिवली

उत्तर : नाही. तो मान कॅनडात न्यू ब्रन्सविकमधल्या हार्टलंडच्या पुलाचा, १,२८२ फूट. तो १९०१मध्ये सुरू झाला आणि छप्पर १९२२मध्ये आलं. अमेरिकेतही २००८ साली ओहायोत ६१३ फुटांचा स्मोलन-गल्फ पूल झाला. विंडसरच्या फलकावर ‘देशातला सर्वांत लांब लाकडी पूल’ असं आहे, तो फलक त्याआधीचा. दोन गाळ्यांचा सर्वांत लांब छपराचा पूल हा त्याचा दावा सांगितला जातो आणि एकोणिसाव्या शतकातला, अजून मोटारी वाहणारा म्हणून त्याची बरोबरी करणं कठीण आहे. एवढं पुरे.

प्रश्न : पुलाच्या तोंडावर घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड, अशी पाटी आहे म्हणे. घोड्यांचं एवढं भय का? आणि पूल नक्की कोणत्या राज्याचा?
— कोल्हापूर

उत्तर : चालणाऱ्या घोड्याचे पाय एकेक पडतात. दुडक्या चालीत दोन पाय जोडीने आपटतात, तेही ठरावीक तालात. गाडीला चार घोडे असले आणि तालात पडले तर ठोके साचत जातात, जाळी हलते आणि खुंट्यांची भोकं रुंदावत जातात. शिवाय अंधाऱ्या, अरुंद बोगद्यात समोरून गुरांचा कळप आला तर वेगातलं जनावर आवरत नाही. दंड जबर होता हे खरं. पण पूल खासगी कंपनीचा होता, टोलवर चालायचा आणि दुरुस्तीचा खर्च तिच्याच खिशातून जायचा. न्यू हॅम्पशरने तो १९३६मध्ये विकत घेतला आणि १९४३पासून टोल बंद झाला. आता काहीही द्यावं लागत नाही.

पूल जवळजवळ सगळा न्यू हॅम्पशरचा. दोन राज्यांची हद्द नदीच्या मध्यातून जात नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३३मध्ये ती व्हरमाँटच्या काठाशी, पाणी ओसरल्यावरच्या पातळीवर, असल्याचा निकाल दिला. त्यामुळे नदीही न्यू हॅम्पशरची आणि पुलाच्या दुरुस्तीचा खर्चही त्यांचाच. व्हरमाँटच्या वाट्याला बिनखर्चाचं सौंदर्य आलं.

प्रश्न : आम्ही बारा जण आहोत, पंधरा आसनी व्हॅन भाड्याने घेणार आहोत. वर सामानाची पेटी लागेल. पुलातून जाता येईल का?
— फ्रॅमिंगहॅम, मॅसॅच्युसेट्स

उत्तर : व्हॅनची उंची भाड्याच्या कागदावर बघून घ्या. उंच छपराची पंधरा आसनी व्हॅन नऊ फुटांच्या वर जाते आणि पेटी ठेवली की आणखी दीड फूट. हा आकडा चिठ्ठीवर लिहून चालकासमोर चिकटवा. प्रत्येक छपराच्या पुलाबाहेर उंचीची आणि वजनाची मर्यादा पिवळ्या किंवा पांढऱ्या पाटीवर लिहिलेली असते, ती निर्णायक. फोनवरचा नकाशा उंची विचारात घेत नाही. व्हरमाँटमधल्या लिंडन गावचा मिलर्स रन पूल भाड्याच्या मालट्रकांनी याच कारणाने पुन्हापुन्हा फोडला आहे.

विंडसरचा पूल दुहेरी वाहतुकीचा आहे, पण आतला रस्ता साडेएकोणीस फूटच रुंद. हेडलाइट लावा आणि आत शिरताना वेग कमी करा. लख्ख उन्हातून एकदम अंधारात आल्यावर डोळे सरावायला काही सेकंद लागतात. समोरून मोठं वाहन आत असेल तर बाहेरच थांबा. पुढे कॉर्निशमधले किंवा इतर गावांचे लहान पूल एकेरी असतात. तिथे जो आधी आत आला त्याचा हक्क, आणि हॉर्न वाजवायचा नाही.

हिवाळ्यात जाणार असाल तर : आतल्या फळ्या कोरड्या आणि बाहेर पडताच काळा बर्फ (रस्त्यावरचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर), अशी फसवणूक होते. ब्रेक पुलाच्या आत दाबा, तोंडावर नको.

प्रश्न : सासूबाई वॉकर घेऊन चालतात. त्यांना पूल आतून बघायचा आहे.
— वुस्टर

उत्तर : या पुलात पादचाऱ्यांसाठी वेगळी वाट नाही. गाड्या अंगावरून गेल्यासारख्या जातात. वॉकर घेऊन आत नेऊ नका. न्यू हॅम्पशरच्या बाजूने, रस्त्यापासून दूर राहून, तोंडाशी उभं राहिलं तरी जाळी नीट दिसते.

त्यापेक्षा त्यांना कॉर्निशमध्येच ब्लॅकस्मिथ शॉप पुलावर न्या. १२ए सोडून टाउन हाउस रोडने पूर्वेला काही मैलांवर मिल ब्रुक ओढ्यावर हा १८८१चा, ९१ फुटांचा पूल आहे. तोही टास्करचाच आणि फक्त पायी जाणाऱ्यांसाठी. आत निवांत थांबता येतं, लाकडाला हात लावता येतो. इथे जाळी नाही. मधला उभा खांब आणि त्याच्याकडे झुकलेले तिरपे टेके, त्यांची पुनरावृत्ती अशी जुनी सुटसुटीत पद्धत आहे, ती सासूबाईंना समजावून सांगणंही सोपं. फळ्यांतल्या फटींत वॉकरचे पाय अडकणार नाहीत हे आधी तुम्ही चालून बघा. जवळच टास्करचे आणखी दोन : डिंगलटन हिल (१८८२) आणि ब्लो-मी-डाउन (१८७७, ८५ फूट).

पुलांपाशी स्वच्छतागृह मिळेल असं धरून चालू नका. विंडसर गावातच जाऊन निघा. जेवणाचंही तसंच. गाव छोटं, उपाहारगृहं मोजकी आणि संध्याकाळी लवकर बंद होतात. शाकाहारी मंडळी असतील तर दशम्या-चटणी बरोबर असलेली बरी. मोठी दुकानं हवी असतील तर १२एनेच उत्तरेला वेस्ट लेबनन गाठावं लागतं.

प्रश्न : पूल आणि मागे डोंगर असा फोटो नेहमी दिसतो. तो कुठून आणि किती वाजता घ्यायचा?
— ठाणे

उत्तर : तो डोंगर ॲस्कटनी, सुमारे ३,१०० फूट. पुलाच्या नैऋत्येला आहे, त्यामुळे न्यू हॅम्पशरच्या काठावर पुलाच्या उत्तरेला उभं राहिलं की दोन्ही एका चौकटीत येतात. सकाळी या. सूर्य पाठीमागून डोंगरावर पडतो. दुपारनंतर तो डोंगराच्या मागे जाऊ लागतो आणि फोटोत काळी आकृती तेवढी उरते. पण एक पेच आहे : ऑक्टोबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून पुलाची उत्तरेकडची बाजू सकाळीही सावलीतच राहते. पुलाच्या फळ्यांवर ऊन हवं असेल तर दक्षिणेला जाऊन वायव्येकडे कॅमेरा धरा, डोंगर सोडून द्या. धुकं असलेली सकाळ मिळाली तर हा प्रश्नच उरत नाही.

आतला फोटो मोबाइलवर बहुतेक वेळा बिघडतो, कारण कॅमेरा पलीकडच्या उजेडाच्या चौकोनावर प्रकाश मोजतो आणि लाकूड काळं पडतं. पडद्यावर जाळीवर बोट टेकवा, प्रकाश थोडा कमी करा. ढगाळ दिवशी हे सगळं सोपं होतं. काठावरच्या गवतात शिरणार असाल तर पूर्ण पँट, मोजे त्यावर ओढलेले, आणि परतल्यावर अंग तपासून बघा. तिथल्या गोचिडीपासून लाइम रोग होतो. थंडी नीट पडेपर्यंत तिचा त्रास असतो.

प्रश्न : वुडस्टॉकचा पूल खरा जुना आहे का? काही पूल नुसते दिखाऊ असतात असं ऐकलं.
— पार्सिपनी, न्यू जर्सी

उत्तर : व्हरमाँटमधल्या वुडस्टॉकचा मिडल ब्रिज १९६९चा आहे, पण दिखाऊ नाही. मिल्टन ग्रेटनने तो टाउनच्याच जाळीने, खुंट्या ठोकून बांधला. जवळच क्वीचीचा पूल दिसायला तसाच, मात्र त्याचा भार लाकडी कैचीवर नाही, खालच्या आधुनिक तुळयांवर आहे. टाफ्ट्सव्हिलचा मात्र अस्सल, १८३६चा.

ओळखायचं कसं? काठावरून पुलाच्या पोटाखाली बघा. लोखंडी किंवा काँक्रीटच्या तुळया एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग दिसल्या तर वरचं लाकूड शोभेचं. आत बघितलं आणि बाजूंना कैचीऐवजी नुसता कठडा असला तरी तेच. जुन्या पुलाला नंतर खालून लोखंडाचा टेकू दिलेलाही असतो. त्याला नकली म्हणू नये, कैची जागेवर असते, काम मात्र वाटून घेतलेलं असतं.

प्रश्न : इतकी जपणूक असूनही हे पूल जातात कसे?
— पणजी

उत्तर : चार वाटा. पहिली, पाणी. २८ ऑगस्ट २०११ला आयरीन वादळाच्या पुरात व्हरमाँटमधला बार्टन्सव्हिलचा १८७०चा पूल आणि न्यूयॉर्क राज्यातला ब्लेनहाइमचा १८५५चा पूल एकाच दिवशी वाहून गेले. बार्टन्सव्हिलचा २०१३मध्ये नव्याने उभा राहिला. पाणी फरशीपर्यंत चढलं की बाजूच्या बंद फळ्या भिंतीसारख्या आडव्या येतात आणि पूल अख्खा उचलला जातो. दुसरी, आग. कोरडं लाकूड, वर छप्पर, दोन्हीकडून वारा, त्यामुळे काडी पुरते. वुडस्टॉकचा तोच मिडल ब्रिज १९७४मध्ये कुणीतरी पेटवला होता. तिसरी, जादा वजनाची वाहनं.

चौथी वाट सगळ्यांत संथ, आणि खरं तर ती टाळता येते. गाड्यांच्या चाकांबरोबर माती, वाळू आणि हिवाळ्यात टाकलेलं मीठ आत येतं आणि दोन्ही टोकांना, खालची तुळई दगडी आधारावर टेकते तिथे साचतं. हा ढीग ओल धरून ठेवतो. छप्पर धड, फळ्या धड आणि पूल टोकांशी खालून कुजलेला, असं होतं. म्हणून जाणकार माणूस पुलाशी गेला की आधी टोकांचा कोपरा झाडलेला आहे का ते बघतो.

प्रश्न : आपल्याकडे कोकणात साकव असतात, पण छपराचे पूल का झाले नाहीत?
— चिपळूण

उत्तर : साकव हा दर वर्षाचा हिशेब होता. पोफळीचे, माडाचे सोट किंवा बांबू वहाळावर टाकायचे, बांधायचे आणि खराब झाले की बदलायचे. सामान परसातलं, माणसं वाडीतली. पुलावर छप्पर घालण्याचा खर्च तेव्हाच परवडतो, जेव्हा खालची कैची महाग असते आणि ती साठ-सत्तर वर्षं टिकवायची असते. न्यू इंग्लंडमध्ये सरळसोट स्प्रूस आणि पाइन मुबलक, प्रत्येक ओढ्यावर करवतीची गिरणी आणि गाडीवाट नदीपलीकडे न्यायची निकड. सह्याद्रीत लांब सरळ लाकूड म्हणजे साग, तो जहाजांना आणि वाड्यांना आधी. घडवायला काळा दगड पायाखाली. त्यात वाळवी, तिला छप्पर अडवत नाही. मोठ्या नद्यांवर मग दगडी कमानी आल्या, पुढे लोखंड आलं.

प्रश्न : पूल बघून झाल्यावर विंडसरमध्ये आणखी काय?
— शार्लट, नॉर्थ कॅरोलिना

उत्तर : मुलं यंत्रात रमणारी असतील तर अमेरिकन प्रिसिजन म्युझियम. १८४६च्या रॉबिन्स अँड लॉरेन्स शस्त्रकारखान्याच्या विटांच्या इमारतीत ते आहे. एका बंदुकीचा भाग दुसरीला जसाच्या तसा बसावा, इतके सारखे सुटे भाग यंत्रावर करण्याची कला इथे पक्की झाली. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनात त्यांच्या रायफली पाहून ब्रिटिश सरकारने एनफिल्डच्या कारखान्यासाठी इथून यंत्रं मागवली. काडतुसांमुळे १८५७च्या इतिहासात आपण वाचतो ते एनफिल्ड नाव म्हणजे हेच. ओल्ड कॉन्स्टिट्यूशन हाउस ही जुनी खानावळ मुख्य रस्त्यावर आहे. जुलै १७७७मध्ये व्हरमाँटची राज्यघटना तिथे मंजूर झाली आणि प्रौढांच्या गुलामगिरीला तिने बंदी घातली. पलीकडे कॉर्निशमध्ये शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांचं घर आणि बाग राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेली आहे, पुलापासून १२एने थोडं उत्तरेला. त्याच रस्त्यावरून आत वळलं की ब्लो-मी-डाउन पूलही लागतो.

या तिन्ही ठिकाणचा मुख्य हंगाम मेअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत असतो आणि आठवड्यातले काही दिवस दारं बंद असतात. निघण्यापूर्वी वेळा बघा. पुलाला मात्र कुलूप नाही, म्हणून तो सकाळी आठलाच उरका आणि दहानंतरचा वेळ संग्रहालयाला ठेवा.